बर्फातला उतार कसा तपासायचा: सोलापूरहून हिमालयात ट्रेकला निघणाऱ्यांसाठी हिमस्खलनाची तयारी, टप्प्याटप्प्यानं

थर्मल घेतले, हातमोजे घेतले, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा भरला. उतार किती अंशाचा आहे, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं. डिसेंबर ते मार्चमध्ये केदारकांठा, ब्रह्मताल, दयारा बुग्यालकडे आणि मे-जूनमध्ये रुपिन पास, बुरान घाटीकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या गटांची तयारी बहुधा थंडीपुरतीच असते. हिमस्खलनाचं काम "गाईड बघेल" या दोन शब्दांवर सोडून दिलेलं असतं.

दुसरी अडचण सवयीची. सह्याद्रीत वाट शोधायची तर नाळ (दोन सोंडांमधली उतरती घळ) धरायची, हे पायात भिनलेलं आहे. बर्फात हीच सवय उलटते, कारण वरचा सगळा बर्फ घसरून नाळेतच येतो. तिथं सोंड धरायची, घळ टाळायची. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी उघडीप मिळाली की आपण निघतो. बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला उन्हाचा दिवस मात्र सगळ्यात फसवा असतो.

पुढचे टप्पे याच क्रमानं घ्या. पहिले चार सोलापुरातच उरकायचे आहेत, आणि लोक नेमके तेच गाळतात.

## टप्पा १: तारखा आणि तिकिटं (निघण्याच्या महिनाभर आधी)

जोराचा बर्फ पडल्यानंतरचे २४ ते ४८ तास धोका सर्वाधिक असतो. नवा बर्फ खालच्या थरावर बसायला, स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. खाली कमकुवत थर असेल तर आठवडेही लागतात. म्हणून वेळापत्रकात दोन दिवस मोकळे हवेतच. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून पुढे डेहराडून आणि मग दिवसभराचा डोंगरी रस्ता असा प्रवास असेल, तर परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. "गड्ड्याला (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला) घरी पोचायचंय, नंदीध्वज चुकवायचे नाहीत" असं ठरवून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघालेला गट बर्फ पडला तरी थांबत नाही. तो उतार चढतो, कारण तिकीट खिशात असतं. गड्डा बघायचाच असेल तर ट्रेक फेब्रुवारीत न्या.

पैसे भरण्याआधी आयोजकाला हे प्रश्न लेखी विचारा:

१. वाटेत ३० अंशांपेक्षा तीव्र उतार कुठे कुठे आहेत, आणि ते टाळणारी दुसरी वाट आहे का?
२. बर्फ पडला तर थांबायचा किंवा मागे फिरायचा निर्णय कोण घेतं? राखीव दिवसाचे पैसे धरले आहेत का?
३. मुक्कामाच्या जागेच्या वर काय आहे?
४. प्रत्येकाला बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं, अंगावर बांधायचं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब, घडीची काठी) आणि फावडं मिळणार का?
५. सोबतच्या गाईडनं बर्फातलं बचाव-प्रशिक्षण घेतलं आहे का? उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था इथले अभ्यासक्रम निदान विचारण्याजोगे आहेत.

तपासा: चौथ्या प्रश्नाला "गरज नाही, वाट सोपी आहे" असं उत्तर आलं तर पहिला प्रश्न पुन्हा विचारा. वाट खरोखर ३० अंशांखाली असेल आणि वरूनही काही कोसळण्यासारखं नसेल, तर उत्तर बरोबर आहे. एरवी नाही.

## टप्पा २: उतार घरी बसून मोजा

बर्फाची मोठी पाटी एकसंध सुटून येते ती बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून. ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. २५ अंशांखाली ती क्वचितच सुटते. ५० अंशांच्या पुढे बर्फ साठतच नाही, पडता पडता थोडाथोडा घसरून जातो. गंमत अशी की ३५ अंशांचा उतार डोळ्यांना फार भयंकर वाटत नाही. चालायला बरा आणि फोटोला छान, असाच तो दिसतो.

नकाशावर मोजायचं ते असं. १:५०,००० च्या नकाशात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. समोच्च रेषांमधलं अंतर किती मीटरचं आहे ते नकाशाच्या समासात छापलेलं असतं. ते ४० मीटर धरू. पाच अंतरं म्हणजे २०० मीटर उंची. ही पाच अंतरं ७ मिलिमीटरमध्ये बसली तर सरासरी उतार साधारण ३० अंश. ५ मिलिमीटरमध्ये बसली तर जवळपास ३९, म्हणजे थेट धोक्याच्या मध्यावर. शाळेतली पट्टी पुरते.

सावधान: हा आकडा सरासरीचा आहे. मधला १५-२० मीटरचा तीव्र टप्पा नकाशात दिसतच नाही, मोबाइलवरच्या रंगीत उतार-नकाशातही नाही. माणूस गाडायला तेवढा टप्पा पुरतो.

आता वाटेच्या वर बघा, कारण सपाटीवर उभा असलेला माणूसही सुरक्षित नसतो. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू-ला रस्त्यावर ७ पर्यटक गेले. ते कुठलं शिखर चढत नव्हते. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणा गावाजवळ हिमस्खलन आलं ते रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर, आणि ८ जण दगावले. मुक्कामाची जागा तपासायची ढोबळ रीत अशी: तिथं उभं राहून वरच्या उताराच्या माथ्याकडे बघा आणि नजरेचा कोन मोबाइलच्या कोनमापकानं मोजा. तो २० अंशांहून जास्त भरला तर मोठं हिमस्खलन तिथवर पोचू शकतं असं धरून चाला.

झाडंही सांगतात. देवदाराच्या दाट रानात वरपासून खालपर्यंत मोकळा पट्टा असेल, कडेच्या झाडांच्या चढाकडच्या फांद्या मोडलेल्या असतील, भूर्जाची झाडं उताराकडे वाकलेली असतील, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. तिथं तंबू नको, जेवायला थांबणंही नको.

## टप्पा ३: परातीतला प्रयोग (अर्धा तास)

हे पोरखेळ वाटेल, पण चार पानं वाचून जे कळत नाही ते यात दिसतं. मोठा ट्रे किंवा सपाट परात घ्या. तळाला खरखरीत सोलापुरी टॉवेल ताणून बसवा, ही जमीन. त्यावर गव्हाचं पीठ एक सेंटिमीटर पसरून तळव्यानं घट्ट दाबा. आता अर्ध्याच भागावर जाड दाण्याच्या साखरेचा अर्धा सेंटिमीटर थर द्या. शेवटी सगळीकडे दोन-तीन सेंटिमीटर पीठ चाळणीनं पाडा आणि हलक्या हातानं थापा. ट्रेच्या कडेला मोबाइल टेकवा आणि एक बाजू सावकाश उचला.

साखर असलेल्या भागात आधी वरच्या बाजूला आडवी चीर पडते आणि मग पिठाची अख्खी पाटी एकदम सुटते. साखर नसलेला भाग बराच वेळ टिकून राहतो. वरून दोन्ही भाग पांढरे, गुळगुळीत, अगदी सारखे होते, हे विसरू नका. परातीतला कोन डोंगराला लावू नका. त्यातून फक्त रचना शिकायची आहे.

हिमस्खलनाला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: पुरेसा उतार, वरची घट्ट पाटी (घराच्या स्लॅबसारखी एकसंध, म्हणून तिला स्लॅबच म्हणतात), खालचा कमकुवत थर, आणि धक्का. माणसं सापडतात अशा बहुसंख्य हिमस्खलनांत तो धक्का त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणी दिलेला असतो.

साखरेसारखा थर डोंगरात तयार होतो तो मोसमाच्या सुरुवातीच्या पातळ बर्फात. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते. वर हवा उणे १५. मधला बर्फ अवघा ५० सेंटिमीटर. म्हणजे दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक. हा फरक दर १० सेंटिमीटरला १ अंशाच्या पुढे गेला की खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना न चिकटणाऱ्या, कंगोरेदार दाण्यांत बदलतात. मुठीत घेतला तर त्याचा गोळा होत नाही, बोटांतून सांडतो. म्हणून "यंदा बर्फ कमीच आहे, काळजी नाही" हे वाक्य चुकीचं आहे. कमी बर्फ आणि कडक थंडी यांतूनच हा थर बनतो, आणि जानेवारीच्या मोठ्या बर्फवृष्टीची पाटी नंतर त्याच्यावर येऊन बसते.

प्रदेशानुसार फरक पडतो. पीर पंजालमध्ये बर्फ भरपूर आणि हवा तुलनेनं उबदार, त्यामुळे बर्फ पडताना आणि लगेच नंतर हिमस्खलनं जास्त. लडाख-काराकोरमकडे बर्फ थोडा, थंडी कडक, म्हणून कमकुवत थर महिनोन् महिने टिकतो. गढवाल-कुमाऊँच्या उंच भागात दोन्हींची सरमिसळ.

## टप्पा ४: तीन वस्तू आणि त्यांचा सराव

बीकन, प्रोब, फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. नुसत्या बीकननं माणूस सापडतो, निघत नाही.

बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतो आणि पकडतो. कंपनीनं सांगितलेल्याच सेल वापरा. बहुतेकांत नव्या अल्कलाइन सेल. साध्या चार्जेबल सेल चालत नाहीत, कारण त्यांची पातळी पडद्यावर खोटी दिसते. बीकन पट्ट्यांसह जॅकेटच्या आत, अंगावर बांधायचा. सॅकमध्ये ठेवायचा नाही, सॅक अंगावरून निघून जाऊ शकते. मोबाइल, कॅमेरा, पॉवरबँक, स्मार्ट घड्याळ त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर दूर, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर. छातीच्या खिशात मोबाइल आणि त्याच्यामागे बीकन, ही नेहमीची चूक.

प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा. फावडं धातूच्या पात्याचं. प्लॅस्टिकचं पातं साचलेल्या हिमस्खलनाच्या बर्फावर मोडतं. थांबल्यावर तो बर्फ सिमेंटसारखा आवळतो.

सराव ऊस गेलेल्या रिकाम्या रानात करा. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि मोटारीचा स्टार्टर यांच्यापासून लांब, नाहीतर बीकन भलतीकडेच ओढतो. एक बीकन डब्यात घालून, जुन्या कपड्यांनी भरलेल्या पोत्यात ठेवा आणि ४० बाय ४० मीटरच्या तुकड्यात पाचटाखाली लपवा. लपवणारा आणि शोधणारा वेगळे. पाच मिनिटांत सापडेपर्यंत रोज दोनदा, आठवडाभर.

प्रोबचा सराव मात्र रानात नको. सुकलेल्या काळ्या मातीत तो जात नाही, वाकतो. वाळूच्या किंवा भुशाच्या ढिगात एक भरलेली सॅक, एक फळी आणि एक दगड पुरा, आणि डोळे मिटून टोचा. दगडाला टक्क लागतं, फळीला कोरडा ठोका येतो, सॅकवर प्रोब दबून किंचित परत उसळतो. माणसाचा स्पर्श सॅकसारखाच लागतो.

तपासा: हातमोजे घालून बीकन शोधाच्या स्थितीत नेता येतो का? येत नसेल तर सराव झालेला नाही.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परदेशातल्या नातेवाइकानं दिला म्हणून सॅकमध्ये टाकू नका. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडकाल.

## टप्पा ५: डोंगरात, रोज सकाळी

आधी इशारे वाचा. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था (पूर्वीची सासे) हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा अंदाज देते. त्यात जिल्हा आणि किती उंचीच्या वर धोका आहे ते असतं. हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज वेगळा बघा, त्यात बर्फ आणणारा पश्चिमी झंझावात कधी येतोय ते कळतं. शेवटच्या गावानंतर नेटवर्क नसतं, तेव्हा पुढच्या चार दिवसांचं तिथंच वहीत उतरवून घ्या.

जगभर वापरात असलेल्या धोक्याच्या पट्टीत पाच पायऱ्या आहेत. "तिसरी म्हणजे मध्यम" असं समजून निघणारे खूप. युरोप आणि उत्तर अमेरिकेत जीव जातात ते मोठ्या संख्येनं तिसऱ्याच पायरीच्या दिवशी, कारण चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात. शिवाय अंदाज जिल्ह्याचा असतो, तुमच्या घळीचा नाही. म्हणून पुढच्या पाच खुणा स्वतः बघायच्या:

१. आसपासच्या तशाच उतारावर ताजं हिमस्खलन.
२. पाऊल टाकताच "धप्प" असा दबका आवाज आणि पायाखालचा बर्फ बसल्यासारखा वाटणं. खालचा थर कोसळतोय.
३. पावलापासून पुढे पळणाऱ्या चिरा.
४. गेल्या २४ तासांत ३० सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त नवा बर्फ, किंवा वाऱ्यानं वाहून आणलेला बर्फ. वारा धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर आभाळातून पडतो त्याच्या कित्येक पट वेगानं बर्फ रचतो. वाऱ्याचा रोख पश्चिम-नैर्ऋत्येकडून असेल तर पूर्व-ईशान्य उतार भरलेले समजा.
५. एकाएकी वाढलेली ऊब, किंवा बर्फावर पाऊस.

यातली एक जरी खूण दिसली तरी ३० अंशांवरचा उतार त्या दिवशी बंद. मतदान घेऊ नका. गटातला एक जण नको म्हणाला तर नको.

थंडीत मोबाइल बंद पडतो, म्हणून काठ्यांनी उतार मोजायची रीत पाठ असावी. सारख्या लांबीच्या दोन काठ्या. एक काठी उताराच्या दिशेनं बर्फावर दाबा, लांबीचा ठसा उमटवा. तिचं वरचं टोक ठशाच्या वरच्या टोकाला तसंच ठेवून खालचं टोक उचला आणि त्या उचललेल्या टोकाला दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ खाली सोडा. पहिली वर-खाली करून दुसरीचं टोक बर्फाला नेमकं टेकवा. ते ठशाच्या खालच्या टोकावर टेकलं तर उतार ३० अंश. ठशाच्या पुढे, खाली टेकलं तर जास्त. १२० सेंटिमीटरच्या काठीला दर १० सेंटिमीटरमागे साधारण ३ अंश वाढवा. घराच्या जिन्यावर फळी टाकून करून बघा.

चालताना काठी उलटी धरून दर थोड्या अंतरानं बर्फात सावकाश दाबा. आधी विरोध लागून मग ती एकदम भसकन आत गेली, तर वर घट्ट आणि खाली पोकळ, म्हणजे परातीतलीच रचना आहे.

## टप्पा ६: खड्डा खणून चाचणी (ज्यांनी शिकून घेतलंय त्यांच्यासाठीच)

पुढच्या उताराच्याच दिशेचा, पण ३० अंशांखालचा आणि वर काही नसलेला तुकडा निवडा. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद, चढाकडे ३० सेंटिमीटर खोल असा स्तंभ चारी बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारा. चीर पडली आणि त्याच किंवा लगेचच्या थापेला स्तंभाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, तर मागे फिरा.

चीर पळाली नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. दहा मीटरवर निकाल वेगळा येऊ शकतो. ही चाचणी "जाऊ नये" ठरवायला वापरा, "जावं" ठरवायला नाही.

## टप्पा ७: उतार ओलांडताना

- एकावेळी एकच. बाकीचे दगडी सोंडेवर किंवा दाट जुन्या झाडीत उभे, आणि प्रत्येकाची नजर जाणाऱ्यावर.
- काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. अडकलेली काठी हात खाली ओढते.
- थांबायचं ते दुसऱ्या टोकाला. मधोमध फोटो नाही.
- धारेवर वाऱ्यानं बाहेर झुकलेला बर्फाचा सज्जा असेल तर कडेपासून बरंच आत चाला. तो वाटतो त्याच्या आतूनच तुटतो.

मे-जूनमधल्या खिंडींचं गणित वेगळं, घड्याळाचं. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ गोठतो आणि सकाळी पायाला टणक लागतो. ऊन लागलं की पाणी झिरपतं आणि थर सुटतो. म्हणून घळ किंवा तीव्र उतार ऊन चढायच्या आत पार करायचा. त्यासाठी मुक्कामावरून पहाटे दोन-तीनला निघावं लागतं. बूट घोट्याच्या वर रुतायला लागले, वरून बर्फाचे गोळे चाकासारखे घरंगळायला लागले, किंवा रात्र ढगाळ जाऊन बर्फ गोठलाच नसेल, तर त्या दिवशी खिंड नाही.

## टप्पा ८: कोणी गाडलं गेलं तर

ढोबळमानानं १५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात. ३५ मिनिटांपर्यंत हे प्रमाण तीनात एकाच्या आसपास येतं. बचाव पथक तेवढ्यात पोचत नाही. जे करायचं ते उरलेल्यांनीच.

१. तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा. वरून आणखी काही येतंय का बघा.
२. माणसं मोजा. सगळ्यांचे बीकन शोधाच्या स्थितीत न्या. एकाचा जरी राहिला तरी तोच सापडत राहतो.
३. शेवटच्या जागेपासून उताराकडे नागमोडी जा. बर्फावर दिसणारी टोपी, काठी, सॅक तपासत जा.
४. बीकनच्या पडद्यावरचा अंतराचा आकडा ३ मीटरवर आला की बीकन बर्फाला टेकवून, न फिरवता, सावकाश अधिक चिन्हासारखा सरकवा. सगळ्यात लहान आकड्यावर खूण करा.
५. तिथून प्रोब उताराला काटकोनात, २५-२५ सेंटिमीटरवर, चकलीसारखा बाहेर जात टोचा. लागला की तसाच ठेवा.
६. प्रोबच्या जागी खणू नका. प्रोबवर दिसणाऱ्या खोलीच्या दीडपट अंतर उताराखाली जाऊन तिथून आडवं आत खणा. १ मीटर खोल माणसासाठी टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणून एक कापणारा, मागचे बर्फ मागे ढकलणारे, आणि दर मिनिटाला पुढचा बदला.
७. आधी तोंड-नाक मोकळं, मग छाती. श्वास नसेल तर तिथंच कृत्रिम श्वास आणि छाती दाबणं सुरू. मग थंडीपासून आच्छादन, आणि आडवं ठेवूनच हलवणं.

माणसं पुरेशी असतील तरच एकाला मदतीसाठी धाडा. दोघंच उरला असाल तर आधी शोध; नेटवर्क असेल तर ११२.

## परत आल्यावर

बीकनमधल्या सेल काढून ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात त्या पाझरतात आणि आतले टोक खातात. प्रोब उघडून, दोरीसकट सावलीत वाळवून मगच घडी घाला. भाड्यानं आणलेला बीकन परत करण्याआधी वापरलेले तास आणि उरलेली सेलची टक्केवारी चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा.